चिखल लेकराचा, निस्तरायचा कुणी?

दुसऱ्यांदा दिवस राहिले की घरात सगळ्यात आधी बंद होतं ते पहिल्या लेकराचं खेळणं. बाईला जपायचं म्हणून मैदान बंद, माती बंद, टबातलं पाणी बंद. मग लेकरू गप्प बसावं म्हणून त्याच्या हातात मोबाइल येतो. मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे ही गोष्ट दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरात घडताना पाहते. या वर्षी ती आमच्याच घरात आली. वहिनीला सातवा लागलाय, तिच्या छकुलीला नुकती दोन वर्षं पूर्ण झालीत, दादा अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये आहे आणि आईचं बहुतेक आयुष्य नाशिकच्या पंचवटीतल्या वाड्यात गेलेलं. रंगपंचमीच्या दिवसांत मी माहेरी होते, तेव्हा सासू-सुनेचं या विषयावर जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. दोघी एकमेकींना जीव लावतात, म्हणून तर इतकं बोलल्या. मधे मधे मी बोलले आहे, ते माझं मत म्हणून वाचावं.

आई : काल पुन्हा गोल्फ क्लबच्या मैदानावर गेली होतीस. पोरगी घरी आली ती कोपरापर्यंत मातीनं माखलेली, आणि तुझ्या ड्रेसवर तिचे पंजे उमटलेले. अगं, सातवा लागलाय तुला. अजून ओटी भरायचीय. कशाला ही दगदग?

वहिनी : आई, चालायला मला डॉक्टरांनीच सांगितलंय. आणि हिला दिवसभर घरात ठेवलं की रात्रीचे अकरा वाजले तरी हिचा डोळ्याला डोळा लागत नाही. मग मलाही जागरण.

आई : चालू नको कोण म्हणतंय? सकाळी उन्हं वर यायच्या आत गच्चीवर फेऱ्या मार. पण पोरीला घेऊन नको. तिच्यामागे पळायचं, वाकायचं, उचलायचं. आम्हीही लेकुरवाळ्याच होतो, पण असं पोटुशीपणी लेकराला घेऊन मैदानावर नाही गेलो कधी.

वहिनी : तुम्हाला जावंच लागलं नाही, आई. तुमचा वाडा होता.

वहिनीचं हे म्हणणं खरं आहे. आमच्या वाड्याला मधे चौक होता, चौकात तुळशीवृंदावन, एका बाजूला पाण्याचा हौद आणि त्याला लागून धुण्याची मोरी. दादा त्या चौकात रांगला, तिथेच चालायला शिकला. चुलीची राख आणि मोरीपाशी साचलेला चिखल कालवून तो काय काय उद्योग करायचा, ते आई आजही कौतुकानं सांगते. तेव्हा माझ्या वेळी ती गरोदर होती. तिला त्याच्यामागे पळावं लागलं नाही, कारण चौकाला चार बिऱ्हाडांची दारं होती आणि प्रत्येक दारात कुणी तरी बाई बसलेली असे. दिवाळीत थोरली पोरं किल्ला करायची, तेव्हा हा पठ्ठ्या गाळलेल्या मातीच्या ढिगात बसलेला असायचा. त्याला धुऊन काढायला तिथे सहा हात होते. आता वाडा पडून त्या जागी इमारत उभी राहिली, आणि आम्ही तिडके कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. गॅलरीत कपड्यांचं स्टँड उघडलं की माणूस मावत नाही. अशा घरातली गरोदर बाई लेकराला घेऊन बाहेर पडते, याला हौस म्हणता येणार नाही. घरचं अंगण गेलं म्हणून तिला मैदान गाठावं लागतं.

आणि लेकराला ते लागतंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक-दोन वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन वर्षांच्या मुलाला तासाभराच्या वर नको, त्याहून कमी तर उत्तम, असं त्यात म्हटलंय. तीन तास हालचाल! तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती कशी व्हायची? याच संघटनेनं २०२० मध्ये गरोदर बायकांसाठीही सांगितलं, की डॉक्टरांची मनाई नसेल तर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. म्हणजे संध्याकाळी मैदानावर जाणं मायलेकी दोघींच्या गरजेचं आहे. हे मी आईला सांगितलं, तर तिनं ऐकून घेतलं आणि मग जे बोलली ते मला आजवर ठाऊक नव्हतं. (आई गोदावरीला गंगाच म्हणते.)

आई : तुमचे आकडे बरोबर असतील. पण माझी धाकटी जाऊ गंगेवर धुणं घेऊन गेली होती. तिलाही सातवाच होता. शेवाळावरून पाय सटकला आणि पायरीवर पाठीवर पडली. मूल हाती लागलं नाही. तेव्हापासून घरातल्या कुणा पोटुशीला मी घाटाच्या पायरीवर उभी राहू देत नाही. भित्री म्हणा हवं तर.

वहिनी : भित्री कशाला म्हणू, आई? हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. घाटावर मी नाही जाणार, बाळंत होईपर्यंत नाहीच.

पडण्याच्या बाबतीत मी पूर्णपणे आईच्या बाजूची आहे. पोट पुढे आलं की शरीराचा तोल पुढे सरकतो, संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल पडतात, आणि सातव्या महिन्यानंतर बाईला स्वतःची पावलं दिसत नाहीत. त्यात हाताला ओढ देणारं दोन वर्षांचं मूल. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या, सोमेश्वरच्या धबधब्याचे खडक, पांडवलेण्यांची चढण, या जागा नाशिककरांच्या आवडत्या आहेत आणि राहतील, पण या तीन महिन्यांत त्या नकोत. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी जिथे तिथे रस्ते खणलेत, तिथून लेकराला घेऊन पायी जाणंही नको. सपाट मैदान हवं, बसायला बाक हवा, आणि वेळ उन्हं उतरल्यानंतरची. दुपारी बारा ते तीन घरातच बरं, आणि मार्च सरला की नाशकातही चार वाजेपर्यंत ऊन भाजतं.

आई : आणि उचलणं? अकरा-बारा किलोची झाली असेल की ती. रडायला लागली की तू तिला उचलतेसच.

वहिनी : नाही उचलत. बघा तुम्ही.

मी दुसऱ्या दिवशी मैदानावर बरोबर गेले आणि पाहिलं. छकुली ठेच लागून रडत आली. वहिनी बाकावर बसली, पाय जरा फाकवून जमिनीवर घट्ट रोवले आणि नुसते दोन्ही हात पुढे केले. छकुलीनं रडत रडतच आधी एक गुडघा बाकावर टेकवला, मग वहिनीच्या खांद्याला धरून दुसरा वर घेतला, आणि पोटाला धक्का न लावता बाजूनं कुशीत शिरली. पोटाच्या त्या बाजूला हात ठेवून म्हणाली, ‘‘बाळ झोपलं.’’ वहिनीनं तिला हे कधी बसवून शिकवलेलं नाही. आई उचलत नाही पण जवळ घेते, एवढं त्या पोरीला रोजच्या रोज कळत गेलं. धाकटं आल्यावर हीच समजूत तिच्या उपयोगी पडणार आहे. अगदीच उचलावं लागलं तर कमरेतून न वाकता गुडघ्यांतून बसायचं आणि मूल छातीशी धरून उठायचं, हे डॉक्टर सांगतात. पण बाकाची युक्ती त्याहून चांगली.

आई : बरं, उचलण्याचं मान्य. पण ती माती? तिथे रात्री कुत्री-मांजरं काय काय करतात. तुझी नखं, तिची नखं, सगळ्यांत ती घाण. पोटातल्या बाळाला काही झालं म्हणजे?

वहिनी : ते मी डॉक्टरांना विचारलं. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा रोग होऊ शकतो, गरोदरपणी पहिल्यांदाच झाला तर बाळापर्यंत पोचू शकतो. म्हणून उघड्या वाळूच्या ढिगात मी हात घालत नाही. तिला खेळू देते, मी बाकावर असते. घरी आल्यावर दोघींचे हात साबणानं. आणि डॉक्टर म्हणाल्या, मातीइतकीच काळजी भाजीची घे. नीट न धुतलेली कोथिंबीर, अर्धकच्चं मटण, यांतूनही तो होतो.

आई : भाजी मी तीन पाण्यांतून काढते.

वहिनी : माहीतेय मला. म्हणून तर मी निर्धास्त असते.

यात मला एक भर घालायची आहे. गरोदर आईला लेकराच्या मातीपेक्षा त्याच्या लाळेचा आणि लघवीचा विचार जास्त करायला हवा, आणि तो कुणीच करत नाही. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत महिनोन्‌महिने असू शकतो. मूल हसतंखेळतं असतं, त्याला काहीच होत नाही, पण गर्भाला त्यातून बहिरेपणासारखा त्रास होऊ शकतो. आपल्याकडे बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, तरी पुन्हा होऊ शकतो. मग घरात काय करायचं? लेकराचा उष्टा घास आपण खायचा नाही, त्याचा चमचा वेगळा ठेवायचा, पापा ओठांचा न घेता कपाळाचा घ्यायचा, आणि लंगोट बदलला किंवा नाक पुसलं की हात धुवायचे. आपल्या घरांत आई लेकराच्या ताटातलं उरलेलं टाकवत नाही म्हणून तोंडात घालते. गरोदरपणी ही एक सवय मोडली पाहिजे. त्याचबरोबर धनुर्वाताचं टीडी इंजेक्शन दुसऱ्या खेपेलाही घ्यायचं, छकुलीच्या वयाच्या मुलांना सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यानचा बूस्टर द्यायचा, आणि अंगणवाडीत १० फेब्रुवारीला जंताची गोळी मिळते ती चुकवायची नाही. एवढं केलं की मैदानावरच्या मातीत लेकराला खुशाल खेळू द्यावं.

पण घाण म्हणजे काय, यावर दोघींचं खरं वाजलं ते दुसऱ्याच कारणावरून.

आई : येत्या एकादशीला मी छकुलीला गंगेवर नेते. रामकुंडात पाय बुडवीन तिचे. दुतोंड्या मारुती बघायला तिला आवडतंच.

वहिनी : मारुती दाखवा, आई. पण पाण्यात नका घालू तिला.

आई : का? तुझ्या मैदानातला चिखल चालतो आणि गंगेचं पाणी नाही चालत?

वहिनी : ती पाणी पिते हो. अंघोळीचंसुद्धा ओंजळीनं पिते. आणि तुम्हीच म्हणता ना, पूर्वीची गंगा आता राहिली नाही.

आईच्या मनाला हे लागलं. या नदीवर तिची श्रद्धा आहे, तिच्या सासू-सासऱ्यांच्या अस्थी तिथे विसर्जित झाल्या आहेत. पण गोदावरीत सांडपाणी मिसळतं हे कुणा नाशिककराला सांगावं लागत नाही. ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. मला इथे वहिनीचं पटतं. मैदानावरची कोरडी माती डोळ्यांना खराब दिसते, ती हातावर राहते आणि साबणानं जाते. सांडपाणी मिसळलेलं पाणी स्वच्छ दिसलं, पवित्र मानलं, तरी लेकराच्या पोटात गेलं की जुलाब-उलट्या ठरलेल्या, आणि जुलाब झालेल्या मुलाचं सगळं करायचं गरोदर आईनं. आईनं मग स्वतःच तोड काढली. ती छकुलीला काठावरून मारुती दाखवते, पुरात पाणी कुठवर चढतं ते हात वर करून सांगते, आणि घरच्या तांब्यातलं पाणी तिच्या पायांवर घालते.

रंगपंचमीवरून मात्र वहिनीनं हट्ट धरला. ती जळगावची. नाशकात धुळवडीला नव्हे तर पाचव्या दिवशी रंग खेळतात, आणि जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी उघडतात, याचं तिला लग्नापासून अप्रूप आहे. वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेले ते दगडी हौद या दिवसासाठी उकरतात, रंगानं भरतात, पूजा होते आणि मग माणसं त्यात धप्पा मारतात. तिवंधा चौक, शनि चौक, दिल्ली दरवाजा, गाडगे महाराज पुलाजवळ, अशा जागा ठरलेल्या.

वहिनी : लांबून दाखवीन हो तिला. कुणाच्या तरी ओट्यावर उभी राहीन.

आई : त्या दिवशी तिथे लांबून असं काही नसतं. मी जन्मभर पाहत आलेय. माणसांचा लोंढा, पायाखाली रंगाचं पाणी, वरून बादल्या. पुढच्या वर्षी दोन्ही पोरांना घेऊन जा, मी स्वतः येते. या वर्षी नाही.

वहिनी : मग तिनं रंग खेळायचाच नाही?

आई : कोण म्हणालं? घरी खेळेल की. पळसाची फुलं आणायला सांगते मी.

आणि आईनं ती आणवली. या दिवसांत पेठ-सुरगाण्याच्या बाजूला पळस नुसता पेटलेला असतो. आईनं फुलांचे देठ काढले, पाकळ्या पातेल्यात उकळल्या, रात्रभर तशाच ठेवल्या आणि सकाळी फडक्यातून गाळल्या. केशरी पाणी निघालं. गच्चीवर पसरट टबात चार बोटं पाणी, त्यात तो रंग, आणि छकुली त्यात बसली. तिनं तांब्यानं पाणी ओतलं, भिंतीवर हात छापले, आजीच्या पांढऱ्या पातळावर छापले, आजी हसली. बाजारातल्या रंगांत कुठली रसायनं असतात ते पुड्यावर लिहिलेलं नसतं. गरोदर बाईनं आणि दोन वर्षांच्या मुलानं त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं. खेळ झाल्याबरोबर आईनं टब उपडा केला. हे महत्त्वाचं आहे. चार बोटं पाण्यातसुद्धा लहान मूल बुडू शकतं, म्हणून भरलेला टब किंवा बादली मागे ठेवून कुणी फोन घ्यायला आत जायचं नाही.

तर आई राड्याच्या विरोधात नाही, हे मला त्या सकाळी उमगलं. मग रोज ती कशाला चिडते? मी तिला सरळ विचारलं.

आई : चिडू नको तर काय करू? पोरगी माखून येते. हिला वाकवत नाही, म्हणून तिला अंघोळ घालायची मी. मोरीत माती, ती घासायची मी. मातीचे कपडे मशिनमध्ये टाकायच्या आधी आघळायचे मी. माझे गुडघे बघितलेस? संध्याकाळी जिना चढताना कठड्याला धरून चढते मी. हिची काळजी आहेच, पण माझंही काही आहे की नाही?

वहिनी : आई, हे तुम्ही का नाही बोललात? मी समजत होते तुम्हाला माझं बाहेर जाणंच आवडत नाही.

आई : कसं बोलणार? सून पोटुशी आणि सासू म्हणते माझे गुडघे दुखतात, असं बरं दिसतं का?

मातीच्या, वाळूच्या, रंगाच्या खेळांबद्दल घरोघरी जे वाद होतात, त्यांतले कितीतरी मला आता या जागी येऊन थांबतात असं वाटतं. तोंडावर विषय जंतूंचा असतो, पोटातल्या बाळाचा असतो, संस्कारांचा असतो. खाली दडलेला प्रश्न एवढाच, की हे निस्तरायचं कुणी? खेळ अर्ध्या तासाचा आणि आवराआवर तासाची. ती आवराआवर एका गरोदर बाईवर किंवा एका साठी उलटलेल्या बाईवर पडते. मग सोपा उपाय म्हणून खेळच बंद केला जातो, आणि त्याची किंमत जिला काही बोलता येत नाही ती पोर देते.

मोबाइल देऊन ती किंमत चुकत नाही. दोन वर्षांच्या मुलाचं शिक्षण हातातूनच होतं. मऊ काय, खरखरीत काय, ओलं झाल्यावर माती का चिकटते, मूठ दाबली की गोळा होतो आणि सोडली की का फुटतो, हे त्याला पडद्यावर कळत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं, पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांत नेलं, तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, दगडगोटे आणि माती हीच साधनं केली. बालवाडी घेऊन त्या पोरांच्या अंगणात गेल्या. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो त्या कल्पनेच्या मुळाशी त्यांचं काम आहे. ज्या महाराष्ट्रानं हे देशाला दिलं, त्यानंच आपल्या लेकरांच्या हाताला माती लागू नये म्हणून धडपडावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दादाला मी त्या रात्री बसवलं. तो म्हणाला, शिफ्ट असते, मी काय करू. त्याची अडचण खोटी नाही. कायद्यानं नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात. खासगी कारखान्यातल्या बापाला कायद्यानं एक दिवसही मिळत नाही. पण सकाळच्या शिफ्टला तो साडेचारला घरी असतो. त्या आठवड्यांत मैदान त्याचं, असं ठरलं. तो छकुलीला खेळवतो आणि वहिनी ट्रॅकवरून एकटी, आपल्या चालीनं चालते. एकटीनं चालणं म्हणजे काय सुख असतं, ते तिच्या तोंडून ऐकावं. घरी आल्यावर अंघोळ दादा घालतो, मोरी तोच धुतो. त्याला नखांतली माती काढायला पहिल्यांदा जमेना. आईनं दाखवलं : जुना मऊ ब्रश, कोमट पाणी, आणि एक एक बोट धरून नखाच्या कडेनं हलकेच. छकुली तेवढा वेळ स्थिर बसते, कारण तिला ते बघायचं असतं.

दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात बाहेर जाणं कमी, घरातला खेळ जास्त. त्यासाठी आईनंच चांगली व्यवस्था लावली. गणपतीच्या कारखान्यातून शाडूची पिशवी आणली, ती झाकणाच्या डब्यात राहते, मांजर तिच्यात शिरत नाही. जुनी चादर अंथरायची, मधे परात ठेवायची, छकुलीला नुसत्या बंडीवर बसवायचं आणि वहिनीनं शेजारी खुर्चीवर. चादरीबाहेर गेलं की खेळ थांबला, हा नियम. कधी कणकेचा गोळा आणि पोलपाट. मिठाची कणीक काही जण करतात, ती मी या वयाला सांगत नाही. मूल तोंडात घालतं आणि इतकं मीठ त्याला बाधतं. राजमा-हरभराही नको, नाकात जातो, घशात अडकतो. रांगोळी नको, ती दगडाची पूड आहे, श्वासात जाते. चादर गच्चीवर झटकायचं काम दादाचं, रात्री आला तरी.

सगळं जुळलं असं नाही. तिन्हीसांजेला बाहेर राहू नये हे आईचं म्हणणं कायम आहे, आणि वहिनीला त्यात काही तथ्य वाटत नाही. तरी दिवेलागणीआधी ती घरी येते, कारण अंधारात खड्डा दिसत नाही. ओटीभरण झालं की मैदान बंद, असं आई अजूनही म्हणते. वहिनी म्हणते, डॉक्टर सांगतील तेव्हा बंद. यात मी वहिनीच्या बाजूची. ज्यांची वार खाली आहे, ज्यांना रक्तदाबाचा किंवा आधी वेळेपूर्वी बाळंत झाल्याचा इतिहास आहे, त्यांना डॉक्टर वेगळं सांगतील आणि ते ऐकलंच पाहिजे. आणि कुणाचंही असो, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, पोट सारखं कडक होऊ लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर खेळ, मैदान, घरकाम सगळं टाकून आधी दवाखाना.

एक गोष्ट घरात सुटण्यासारखी नाही. सातव्या महिन्यातल्या बाईला तासातासाला लघवीला जावं लागतं. वहिनी छकुलीला घेऊन एका बागेत गेली होती, तिथल्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला माहीत नव्हतं. तेव्हापासून ती बाहेर पडायच्या आधी पाणी पीत नाही. ही गोष्ट मला माती, चिखल, रहाड या सगळ्यांपेक्षा जास्त धोक्याची वाटते. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं आणि लघवी दाबून ठेवली की संसर्ग होऊ शकतो, गरोदरपणी तो मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि त्यानं वेळेआधी कळा येऊ शकतात. रंगीत घसरगुंड्या आणि कारंजी यांच्यावर खर्च करताना नगरसेवकांनी आणि अधिकाऱ्यांनी आधी हे बघावं : प्रत्येक बागेत बायकांसाठी उघडं, पाणी असलेलं स्वच्छतागृह, हात धुवायला एक नळ, लेकरांच्या उंचीचा दुसरा, पाठ टेकायला सावलीतला बाक, आणि वाळूचा हौद असेल तर रात्री त्यावर झाकण. सिंहस्थासाठी लाखोंची सोय करू शकणाऱ्या शहराला हे अवघड नाही.

आणि वाचणाऱ्या प्रत्येक दादाला, भाऊला, सासऱ्याला सांगणं आहे. तुमच्या घरात दुसऱ्यांदा पाळणा हलणार असेल, तर पहिलीला खेळायला बाहेर न्या, तिला माखू द्या, आणि घरी आल्यावर तिची अंघोळ, तिचे कपडे आणि ती मोरी तुम्ही करा. आजपासून करा, नववा महिना लागायची वाट बघू नका.